राजीनामा शिकवणारा टाइमकीपर

१९९१ साल. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होतो, आणि आमच्या कंपनीचे टाइमकीपर साहेब सात वर्षं मला रोज सकाळी सांगत होते की नोकरी सोडा.

मला कुणी काही शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. तिसरीत मास्तरांनी हात उगारला, तेव्हा मी पाटी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आलो. ती पाटी आणायलाही परत गेलो नाही. पुढे जे शिकलो ते बघून शिकलो. असा मी माणूस, आणि या एका माणसाचं भाषण सात वर्षं उभ्याने ऐकलं. का ऐकलं ते पुढे सांगतो. आधी तो माणूस सांगतो.

आमची कंपनी बाटल्यांची बुचं बनवायची. बाटली औषधाची असो, तेलाची असो, सरबताची असो, बूच आमचं. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस. म्हणजे काय, तर एक काचेची खिडकी, एक पंचिंगचं घड्याळ, आमची कार्डं खोचलेली फळी, आणि या सगळ्याच्या मधोमध साहेब. अंगाने बारीक, केस तेल लावून मागे बसवलेले, शर्टाची गळ्याशी असते ती गुंडीसुद्धा लावलेली. दोन्ही मनगटांवर घड्याळं. उजवं कंपनीच्या घड्याळाशी जुळवलेलं, डावं रेडिओच्या वेळेशी. कंपनीचं घड्याळ तीन मिनिटं पुढे होतं. ते कुणी दुरुस्त करत नव्हतं, कारण सकाळी ते कंपनीच्या फायद्याचं होतं, आणि संध्याकाळी सुटायची वेळ वरच्या साहेबांच्या मनगटावर ठरायची.

"हे बघा गाववाले," ते मला म्हणायचे. आम्हा आसपासच्या गावांतल्या सगळ्यांना बाहेरचे लोक गाववालेच म्हणत, जसं काही ते आकाशातून पडले होते. "उजवा हात कंपनीचा. डावा हात माझा. डाव्या हाताच्या हिशेबाने मी तीन मिनिटं मागे आहे. ही तीन मिनिटं माझ्या मालकीची."

"मंग त्या तीन मिनिटांत करता काय?"

"विचार," ते म्हणायचे.

विचार एकच. नोकरी सोडून घरच्या घरी धंदा. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात एक रेक्झिनची पिशवी होती, आणि त्या पिशवीत वर्तमानपत्रांतली कात्रणं. घरबसल्या खडू बनवा. घरबसल्या मेणबत्त्या. घरबसल्या फिनेल, अगरबत्ती, अळिंबी, ससे. एकेक कात्रण कार्डबोर्डावर चिकटवलेलं आणि त्यावर लाल शाईने शेरा. 'चांगले.' 'विचाराधीन.' 'पावसाळ्यानंतर.' मला वाचून दाखवायचे आणि वर म्हण जोडायचे. म्हणी सगळ्या त्यांच्या स्वतःच्या. "नोकरी म्हणजे तासाच्या भाड्याची सायकल. पेडल आपण मारायचं, तास दुसऱ्याचा." किंवा, "पगार म्हणजे गुंगीची गोळी. पहिल्या तारखेला घ्यायची, तीस दिवस झोपायचं." हे ऐकताना मला वाटायचं, हा माणूस उद्या सकाळी या खुर्चीत दिसणार नाही. उद्या सकाळी बघावं तर माझ्याआधी हजर. माझ्या माहितीत त्यांनी कधी खाडा केला नाही. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला ताप चढला होता, तरी दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन थर्मामीटर लावून परत आले होते, आणि ती वेळ स्वतःच्या कार्डावर लिहून ठेवली होती.

पिशवीतलं काहीच त्यांनी केलं नाही असं मी म्हणणार नाही. ससे आणले होते. जोडी. नवीन पनवेलच्या त्यांच्या खोलीच्या गॅलरीत पिंजरा. आठ महिने वाट पाहिली, जोडीची तिजोडी होईना. शेवटी गुरांच्या डॉक्टरने सांगितलं की दोन्ही नर आहेत. त्या आठ महिन्यांत हे त्यांची रोज हजेरी घेत होते. वहीत लिहिलेली होती, मी बघितली. दोन्ही सशांचा एकही खाडा नाही.

दर दसऱ्याला कंपनीत मशिनींची पूजा व्हायची. सगळे आपापल्या मशिनीला हार घालायचे, हे पंचिंगच्या घड्याळाला घालायचे. हळदकुंकू लावून, नारळ फोडून, हात जोडून मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "पुढच्या दसऱ्याला मी या खुर्चीत नसेन." मग खोबऱ्याचा तुकडा मला द्यायचे. असे सात तुकडे मी खाल्ले. पहिल्या वर्षी स्कूटरचे हप्ते फिटायचे होते. मग खोलीचे. मग मुलीची बारावी आली. मग मुलगा दहावीला बसला. मला वाटतं, मुलं शिकून संपली असती तर त्यांनी तिसरं होऊ दिलं असतं.

हे मी हसून लिहितोय, पण तेव्हा हसत नव्हतो. भित्र्या माणसाला भुताच्या गोष्टी ऐकाव्याशा वाटतात, तसं माझं झालं होतं.

माझी भीती काय होती ती सांगतो, कारण आमच्याकडे ती एकट्या माझी नव्हती. कंपनी उभी होती ती जमीन आमची. बापाची. भात कापून झालं की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरायचो. पाणी द्यावं लागत नाही, नुसत्या दवावर येतात. जमीन गेली तेव्हा पैसे आले आणि गेले, पण घरटी एकाला नोकरी असं ठरलं होतं. आमच्या घरात ती मला मिळाली, कारण दादूस, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हाच चाळिशी ओलांडून बसला होता. म्हणजे मी हेल्पर म्हणून बुचं भरायचो, ती नुसती नोकरी नव्हती. ती चार एकर होती. खाकी कपडे घालून मी बापाची जमीन अंगावर घेऊन हिंडत होतो. ती काढून ठेवायची म्हणजे काय, ते टाइमकीपरच्या एकाही कात्रणात लिहिलेलं नव्हतं.

आणि धंदा मी काही शोधायला गेलो नव्हतो. तो माझ्या घरात आपल्या पायाने आला. माझी बायको नवीन पनवेलला एका शिक्षिका बाईंकडे भाजी द्यायची. एकदा घरचे सोललेले वाल घेऊन गेली. वाल सोलणं म्हणजे काय काम आहे, ते ज्याने केलं त्यालाच माहीत. रात्रभर भिजवायचे, पाणी काढून फडक्यात घट्ट बांधायचे, दिवसभर उबेला ठेवून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा अंगठ्याने दाबायचा. दाणा सालीतून उडी मारतो. एका जेवणाचं बिरडं करायला तास मोडतो, आणि नोकरीवर जाणाऱ्या बाईकडे तास कुठला? त्या बाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने जिन्यातल्या सगळ्यांना. त्या डाळिंब्या म्हणायच्या, आम्ही बिरडं म्हणतो, खायला दोन्ही तेच. दोन वर्षांत पंचवीस घरं झाली.

मी मदत करायचो. पहाटे, ड्यूटीला जायच्या आधी, आतल्या खोलीत, दार लावून. दार का लावायचो? कारण वाल सोलणं बाईमाणसाचं काम, आणि मी कंपनीतला माणूस. एकदा शेजारचा म्हातारा विडीला काडी मागायला आला, तेव्हा मी ओले हात लुंगीत लपवून दारात उभा राहिलो. तो म्हणाला, "कवर आंघोल करतंस रं?" मी म्हटलं, "झाली." आठवडाभर गावात माझ्या आंघोळीची चर्चा होती.

आता टाइमकीपरच्या घरी मी काय बघितलं ते.

नव्वद सालच्या उन्हाळ्यात त्यांनी एक महिन्याची रजा काढली. साठलेली रजा होती, वाया जाणार होती. मला बोलावून सांगितलं, "गाववाले, ही रजा नाही, रंगीत तालीम आहे. खडूचा साचा आणलाय. महिनाभर घरून धंदा करणार, आणि मग बघा." मी म्हटलं, बघायला येतो. दहाव्या की अकराव्या दिवशी गेलो. बायकोने अर्धा किलो बिरडं दिलं होतं, रिकाम्या हाताने कुणाच्या घरी कसं जायचं म्हणून.

दार त्यांच्या मंडळींनी उघडलं. दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली. नाव, येण्याची वेळ, कामाचं स्वरूप.

"लिहा," वहिनी म्हणाल्या. "दूधवालासुद्धा लिहितो."

मी नाव लिहिलं. कामाच्या स्वरूपात 'सहज' लिहिलं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत राहायचं, आतल्या खोलीत कारखाना. मधल्या दारावर शाळेत असते तशी पितळी घंटा. साहेब आत टेबलाशी, शर्टाची गळ्याची गुंडी लावून. मला बघून उठले नाहीत. उजव्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "बारा मिनिटांत सुट्टी होईल. बसा."

वहिनींनी मला पाणी दिलं आणि हळू बोलल्या. "भाऊजी, सकाळी हे बाहेरच्या खोलीत चपला घालतात, चार पावलं चालून आत जातात, आणि ड्यूटीवर गेले म्हणून सांगतात. काल दूध उशिरा आलं, चहाला उशीर झाला, तर यांनी स्वतःला मेमो दिला. लेखी. आणि खाली सही करून स्वतःच घेतला."

"आनि तुमी?"

"मला आत जायला बंदी आहे. आतल्या खोलीत माझं कपाट आहे. साडी हवी तर दुपारच्या सुट्टीत काढायची."

तेवढ्यात घंटा वाजली. साहेबांनीच वाजवली. हातातलं काम जागच्या जागी टाकून ते बाहेर आले, हात धुतले, पानावर बसले. मी आत डोकावलो. साच्यात नुकतीच ओतलेली पांढरी भुकटी, पाणी घालून कालवलेली. मला खडूतलं काही कळत नाही, पण गवंड्याच्या हाताखाली मी काम केलंय. ते कालवण घट्ट व्हायला चहा प्यायला लागतो तेवढा वेळ लागतो. मी म्हटलं, "साहेब, ते काढून घ्या, नायतं साच्याला धरेल."

"सुट्टी चालू आहे," साहेब म्हणाले, आणि वरण ओढलं.

अर्ध्या तासाने घंटा झाली, साहेब आत गेले. साचा आणि खडू एकजीव झाले होते. छिन्नीने फोडले, तेव्हा खडूही गेला आणि साचाही. पण सुट्टीत काम केलं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

निघताना वहिनींनी बिरड्याचं भांडं रिकामं करून दिलं आणि विचारलं, "तुमच्या मंडळींना हा धंदा कुणी शिकवला?"

"कोनी नाय."

"घंटा वगैरे?"

"नाय."

त्यांनी पुढच्या आठवड्यापासून अर्धा किलो लावून टाकलं. आमचं सव्विसावं घर.

अठराव्या दिवशी साहेब कामावर हजर झाले. तेरा दिवसांची रजा शिल्लक ठेवून. म्हणाले, "कंपनीचं माझ्यावाचून अडत होतं." आणि त्याच दिवसापासून भाषणं दुप्पट झाली. धंद्यात बुडालेल्या माणसाची भाषणं कमी होतात असं मला वाटत होतं. तसं काही नसतं.

एक्याण्णव सालच्या आषाढात आमच्याकडे गाडं अडलं. श्रावणात नवीन पनवेलच्या कॉलनीतल्या घरांत मासळी-मटण बंद, म्हणजे बिरडं आलंच. सव्वीस घरांची मागणी दुप्पट झाली, आणखी दहाबारा घरं विचारत होती. माझ्या बायकोच्या बोटांची टोकं कायम पाण्यात राहून पांढरी, सुरकुतलेली. एक दिवस मी ड्यूटीवरून आलो तर ती वालांचं फडकं समोर ठेवून नुसती बसलेली.

"आवो, ऐका," ती म्हणाली. "माजे दोन हात हायत. आता नाय होत. गटारीपरत सांगा काय ते. तुमी घरा बसत आसाल तं मी पुढची घरा घेतंय. नायतं हाय ती पन सोडतंय, श्रावनाचे आधी सांगून टाकतंय त्यांना. आर्धा धंदा माझ्याच्यान व्हायचा नाय."

गटारी अमावास्येला अठरा दिवस होते. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो.

रविवारी दादूसकडे गेलो. तो पडवीत जाळं विणत बसला होता. जमीन गेल्यापासून तो जाळं विणायचा. मासे धरायला जायचा नाही, नुसतं विणायचा.

"नोकरी सोडावी म्हनतंय," मी म्हटलं.

दादूसने मान वर केली नाही. "मंग करनार काय?"

"घरान धंदा."

"कसला?"

"वालांचा."

आता त्याने मान वर केली. "बायको सोलनार आनि तू इकनार?"

"दोगा पन सोलू."

त्याने सुतळी ओढून गाठ आवळली. मग म्हणाला, "बापाची जमीन एकदा सरकारनं घेतली. ती घेतली, आपला विलाज नवता. आता तू देतंस ती आपल्या हातानं देतंस. देस. पन मना इचारून दिली आसा गावान सांगू नको."

मी उठलो. चहा तसाच राहिला. त्या दिवशी पहिल्यांदा टाइमकीपरच्या भाषणाची मला खरी गरज वाटली. दुसऱ्या दिवशी कार्ड पंच केलं, खिडकीशी वाकलो आणि म्हटलं, "साहेब, मना राजीनामा लिवून द्या. इंग्लिशमधी. तुमाला येतो म्हनून सांगतंय."

त्यांनी हातातलं कात्रण पिशवीत परत घातलं.

"कुणाचा?"

"माजा."

"कशासाठी?"

"तुमीच बोललात ना. सायकल."

त्यांनी आधी उजवं घड्याळ बघितलं, मग डावं. "लिहितो," म्हणाले. "पण असं घाईत नाही. राजीनामा म्हणजे काय साधा अर्ज आहे? त्याला मसुदा लागतो."

मसुदा अकरा दिवस चालला. रोज सकाळी मी खिडकीशी वाकायचो आणि रोज काहीतरी राहिलेलं असायचं. एक दिवस तारीख कोणती घालायची. एक दिवस 'आदरणीय' की 'माननीय'. इंग्लिशमध्ये हे दोन वेगळे असतात का, मला माहीत नाही. एक दिवस कागद चांगला नव्हता. एक दिवस मला बाजूला घेऊन विचारलं, मंडळींची संमती लेखी आहे का. मी म्हटलं, तिनेच तारीख दिलीय. तर म्हणाले, ती तोंडी. गटारीला सात दिवस राहिले तेव्हा मी म्हटलं, उद्या द्या, नायतं मी दुसऱ्याकडून लिवून घेतंय. तेव्हा दुसऱ्या दिवशी पाकीट मिळालं. बंद. वर टंकलेलं नाव.

मी ते घेऊन ऑफिसात गेलो. तिथे टायपिस्ट बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि माझ्याकडे वर-खाली बघितलं.

"काका, बरं नाही का तुम्हाला?"

"मना काय झालाय?"

"मग पंधरा दिवसांची आजारपणाची रजा कशाला? कावीळ लिहिलंय."

मी म्हटलं, नीट वाचा. त्यांनी मराठीत सांगितलं. नम्र विनंती, प्रकृती ठीक नाही, पंधरा दिवस, सोळाव्या दिवशी कामावर हजर होईन. राजीनाम्याचा शब्दही नाही.

मी पाकीट उचललं आणि टाइम ऑफिसात गेलो. खिडकीशी वाकलो नाही, दार उघडून आत शिरलो. तिथे आत कुणी जात नसे.

"साहेब, मी आजारी हाय?"

"हळू बोला."

"मना इंग्लिश वाचता येत नाय म्हनून तुमी..."

"गाववाले, ऐका. पंधरा दिवस करून बघा. नाही जमलं, तर सोळाव्या दिवशी कार्ड फळीवरच आहे. कुणाला काही कळणार नाही. मी तुमचं भलंच बघितलं."

"आनि जमला तं?"

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"जमलं, तर मग माझं काय?" ते म्हणाले.

"तुमचा काय?"

"मी घरी इतकी वर्षं सांगतोय की सोडणं सोपं नसतं. अभ्यास लागतो. भांडवल लागतं. योग्य वेळ यावी लागते. आणि तुम्ही उद्या उठून वाल सोलून उभे राहिलात, तर मी काय सांगू? ती तुमच्याकडून अर्धा किलो घेते. दर वेळी बिरडं वाढते आणि माझ्याकडे बघते. नुसती बघते."

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्या माणसाशी काय भांडणार? हा मला सात वर्षं पाण्यात ढकलत होता आणि मी उडी मारायला गेलो, तेव्हा धावत येऊन माझी लुंगी धरून उभा राहिला. आणि खरं सांगायचं, तर क्षणभर मला ते बरंही वाटलं. कावीळ. पंधरा दिवस. कुणाला कळणार नाही. दादूसलाही नाही. कागद माझ्या हातात होता, परत ऑफिसात नेऊन दिला असता तर काम झालं असतं. मी त्या खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं आणि मला दिसलं की हे पंधरा दिवस कसे असतात. ते अठरा दिवसांचे होतात आणि मग माणूस पुन्हा भाषण करायला लागतो.

"मना एक कोरा कागद द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिला. सवयीने विचारलं, "मार्जिन आखून देऊ?"

"नको."

तिथेच उभ्याने, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या पेनाने लिहिलं. तिसरीपर्यंतची अक्षरं मला येतात. लिहायला वेळ लागला. साहेबांनी एकदा 'कामावर' या शब्दाकडे बोट नेलं आणि मागे घेतलं. मी लिहिलं: 'मी उद्यापासून कामावर येणार नाही. कारण वाल सोलायचे आहेत. रजा नको.' आणि खाली सही. तशीच, वेडीवाकडी. माझी आहे.

ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"कारण वैयक्तिक असं लिहा."

"वैयक्तिक नाय साहेब. सव्वीस घरांचे वाल हायत."

ते हसले नाहीत. चांगला माणूस होता. म्हणाले, "ही जमिनीच्या बदल्यातली नोकरी आहे. तुम्ही सोडलीत की संपली. तुमच्या मुलाला ती मिळणार नाही. विचार केलाय?"

"केलाय," मी म्हटलं. केला नव्हता. तो मी अजून करतोय.

त्यांनी कागदावर शिक्का मारला.

संध्याकाळी सुटताना कार्ड पंच केलं. साहेब खिडकीतून बघत होते. "फळीवरून कार्ड काढा," मी म्हटलं. ते म्हणाले, "महिनाअखेरीस काढतात, नियम आहे." नियम कसला. पुढे शिपायाने मला सांगितलं की माझं कार्ड दिवाळीपर्यंत फळीवर होतं. साहेब स्वतः पुढे अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभाला मलाही बोलावलं होतं, वाटाण्याची उसळ आमच्याकडूनच गेली होती. तोवर आम्ही मोडाचं सगळंच द्यायला लागलो होतो. साहेबांनी पाऊण तास भाषण केलं. विषय, तरुणांनो नोकरीच्या मागे लागू नका. टाळ्या चांगल्या पडल्या. वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्या उसळ खात होत्या.

राजीनामा दिला त्या संध्याकाळी घरी आलो, तर वाल फडक्यात बांधून झालेले. एक नाही, पाच गाठोडी, भिंतीला लागून ओळीने. मोड वर आलेले दिसत होते. एवढे वाल आजच्या आज भिजत नाहीत. तिने काल रात्रीच भिजवलेले असणार.

"तुला काय म्हाईत मी आज देनार ते?"

"मना काय म्हाईत," ती म्हणाली. "नसता दिलात तं कोंबऱ्या खाऊन मेल्या आसत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळी उठलो. खाकी कपडे खुंटीवर होते, ते तिथेच ठेवले. पातेल्यात कोमट पाणी घेतलं, पहिलं गाठोडं सोडलं, आणि पातेलं आतल्या खोलीत न नेता बाहेर ओट्यावर आणून ठेवलं. आमचा ओटा रस्त्याला लागून आहे. शेजारचा म्हातारा विडी धरून उभा राहिला, आणि बघत राहिला. दादूस डोक्यावर टॉवेल टाकून समोरून गेला. पुढे जाऊन एकदा थांबला. पावणेआठला कंपनीची बस आली. खिडक्यांत सगळे ओळखीचे चेहरे. तिसऱ्या खिडकीत टाइमकीपर साहेब, गळ्याची गुंडी लावलेले. वळणावर बस नेहमी हळू होते, तशी झाली. कुणीतरी माझ्या नावाने हाक मारली, कुणीतरी हसलं. मी पुन्हा वर बघितलं नाही. वाल सोलताना मान खालीच लागते.